हाड न बसवणारे हाडवैद्य

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते चांदीप गावच्या एका वृद्ध हाडवैद्यांचे. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. सगळे त्यांना वैद्यबाबा म्हणतात.

कामणजवळ टेम्पोने माझी मोटारसायकल उडवली, तेव्हा वडिलांनी मला इस्पितळाऐवजी त्यांच्या ओट्यावर नेलं. निखळलेलं हाड त्यांनीच बसवायचं, ही आमच्याकडची रीत. मी घरातला पहिला पदवीधर, पण वेदनेपुढे मीही नाही म्हणालो नाही.

वैद्यबाबांनी दोन्ही तळवे माझ्या कमरेला नुसते टेकवले, क्षणभर डोळे मिटले आणि हात काढून घेतले.

"बसवा ना, बाबा. तुमच्या हाताला गुन हाय," वडील म्हणाले.

"म्हनूनच लावत नाय. कमरेच्या हाडांचं कडं पुढून उघडलंय. मी चोळलं तर पोरगा आतल्या आत रगत जाऊन मरंल. याला डॉक्टरची पट्टी लागंल."

त्यांनी दोरीवरचं लुगडं ओढून माझ्या कमरेभोवती घट्ट आवळलं, मला फळीवर घेतलं, सोबत आले आणि इस्पितळापर्यंत फळीवरून मला कुणाला हलवू दिलं नाही. डॉक्टरांनी पुढे धातूची पट्टी आणि मागे दोन स्क्रू घालून निखळलेले सांधे जोडले. तोवर वैद्यबाबा न सांगता निघून गेले होते.

पाच महिन्यांनी मी त्यांना पत्र धाडलं:

"वैद्यबाबांना शिरसाष्टांग नमस्कार. आज बोळिंजच्या घराचे तीन मजले कठडा न धरता चढलो. रविवारी तुमच्याकडे येतो. वडिलांचा खांदा धरला आहे. तुमच्याशिवाय कुणाला दाखवायला ते तयार नाहीत."