आरोंद्याच्या खाडीपलीकडची हाक

इनास गेला. त्या संध्याकाळी ती हाक ऐकलेला आता मी एकटाच उरलो.

आज सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाली.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं मालवणच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. संपादक कंटाळले होते. उद्घाटनं आणि सत्कार पुरे, काहीतरी नवीन आणा, म्हणायचे.

इनासची एक पद्धत होती. आपलं काही काम नसलेल्या गावात एसटीतून उतरायचं आणि नुसतं बघत बसायचं.

मला म्हणायचा, "लोक सांगतत ता सगळेच छापतत. लोक खंय गप रवतत, ता बघ."

दिवाळीनंतर असेच आरोंद्याला उतरलो. खाडीच्या पलीकडे गोवा, तिथे अजून पोर्तुगीज. ये-जा बंद.

इनासच्या लक्षात आलं, की काठावरची सरळ वाट सोडून सगळे शेतातून वळसा घालून जातात. बायका, म्हातारे, सगळेच.

का, असं विचारलं की माणसं विषय बदलायची.

आम्ही सरळ वाटेने गेलो. वाटेवर एकच घर. अंगण सारवलेलं. दारात कपाळभर कुंकू लावलेली बाई.

शेवंता तिचं नाव. नवरा चैत्रात होडी घेऊन मासे मारायला गेला, तो परतलाच नाही. गावाने दोन महिने वाट बघून पावसाआधीच त्याचं दिवसकार्य उरकलं. हिने मात्र कुंकू पुसू दिलं नाही. तेव्हापासून तिच्या दारावरून कोणी जात नव्हतं.

ती अगदी शांतपणे बोलत होती. "माझो घोव जितो आसा. तिनसांजेक पलीकडून हाक मारता. बसा, तुमी पण ऐकशात."

आम्ही बसलो. खरं सांगायचं तर मी तिच्या समाधानासाठी बसलो.

सूर्य बुडाला. वारा पडला. खाडीचं पाणी तेलासारखं स्थिर.

आणि पलीकडच्या झाडीतून हाक आली.

पुरुषाचा आवाज. लांबट, दमलेला. "शेवंता गोऽऽ..."

शेवंता नुसती आमच्या तोंडाकडे बघत होती, आम्हाला ऐकू आलं का ते.

इनास उठला, पाण्यात गुडघाभर शिरला आणि जोरात म्हणाला, "ओऽऽ!"

अशा वेळी अनोळखी हाकेला ओ देऊ नये, एवढं आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मी त्याला मागे ओढलं. पण हाक थांबली होती.

ती हाक नंतर शेवंतालाही कधी ऐकू आली नाही. तिला वाटलं, नवऱ्याला निरोप पोचला.

त्याला शोधायचं इनासने मनावर घेतलं. गोव्यातल्या नातेवाइकांकडून वर्षानुवर्षं तपास करत राहिला. हाती काही लागेना.

गोवा मुक्त झाल्यावर आम्ही शेवंताला घेऊन पलीकडे गेलो. गावोगाव विचारत एका म्हाताऱ्या पाद्रींपर्यंत पोचलो.

त्यांना तो माणूस आठवत होता. होडी भरकटून आलेला, कागद नाहीत म्हणून चौकीत ठेवलेला. म्हणजे शेवंता खरी होती. गाव इकडे त्याचं कार्य करत होतं, तेव्हा तो जिवंत होता.

मग तापाने गेला. त्याच वर्षी, भर पावसाळ्यात. खाडीकाठीच पुरला, वर जांभ्याचा दगड ठेवला.

पावसाळ्यात. आम्ही हाक ऐकली ती दिवाळीनंतर.

शेवंता त्या दगडापाशी बराच वेळ बसली. रडली नाही. मग इनासकडे वळून म्हणाली,

"मगे तुमी ओ कोणाक दिलास?"

 

परत आल्यावर इनासने बातमी लिहिली. नवऱ्याचं नाव, चौकी, ताप, दगड. हाकेबद्दल एक अक्षर नाही.

संपादकांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, हाकेचीच हेडलाइन करा, अंक हातोहात खपेल.

इनास म्हणाला, "ती हाक तिची आसा. छापूची नाय."

बातमी आली. त्यानंतर कधीतरी आरोंद्याची माणसं पुन्हा त्या वाटेने जाऊ लागली. आधी बायका. त्यातली एक शेवंतासाठी ताटलीत घावणे घेऊन गेली, असं ऐकलं.

शेवंता जाऊनही खूप वर्षं झाली. आज इनासही गेला. म्हणून आज पहिल्यांदाच हे लिहितोय.

इनास, शांत झोप, दोस्ता.
तुझ्या जुन्या सोबत्याचा शेवटचा नमस्कार.