भेदरांच्या वाडीतली तार

आमच्याकडे टमाटरला भेदरं म्हणतात. त्या वर्षी घरामागच्या वाडीत ती इतकी लागली की झाडं टेकूच्या काड्यांसकट वाकली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा बेत ठरलेला होता: भेदरं चिरायची, मीठ लावायचं, कडक वाळवून खुला, म्हणजे सुक्या फोडी, करून ठेवायच्या. पावसाळ्यात भाजी नसली की त्याच खुला वरणात पडतात.

पण वाडीच्या कडेच्या धुऱ्याला, बांधाला, लागूनच जंगल. एका रात्री रानडुकरं आली आणि पिकायला आलेली झाडं तुडवून गेली. नवऱ्याचा संताप झाला. त्याने वाडीभोवती खुंट्या ठोकून उघडी तार ओढली आणि संध्याकाळी खांबावरच्या विजेच्या लाईनवर आकडा टाकला.

"काढा ते. माणूस मरन त्यानं," मी म्हटलं.

"उजाडाच्या आंधी काढतो ना मी. अंधारात तिकडं कोन जाते?"

आत्यांनाही त्याने बजावलं. तरी मला झोप लागेना. पहाटे तो आकडा काढून आला की मगच माझा डोळा लागायचा.

एका रात्री मात्र मलाही डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगणात नुसतं फटफटलं होतं. आभाळ भरून आलेलं. आत्यांची बाज रिकामी, भिंतीजवळची टोपली नाही. आणि नवरा शेजारीच घोरत होता.

"उठा! आत्या वाडीत गेल्या!"

मी अनवाणीच पळाले. आत्या तारेपाशी उभ्या होत्या. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने लुगडं वर धरलेलं, एक पाय उचललेला.

"आत्या, हालू नोका!"

"काऊन वं?" म्हणत त्या माझ्याकडे वळल्या. ओलं लुगडं तारेपासून वीतभर लांब.

"करंट हाये तारेत! पाय मांगं घ्या, हळू."

त्यांनी पाय मागे घेतला खरा, पण दवाने निसरडं झालं होतं. त्या डगमगल्या. मला धरताही येईना. हात पुढे जायचा आणि मागे यायचा. तिकडे नवरा बांबूने आकडा ओढत होता, तो निघत नव्हता. आत्या डोळे मिटून उभ्या. मी नुसती म्हणत होते, "उभ्या राहा, उभ्या राहा."

"निंगाला!" तो ओरडला.

आत्या तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, "पानी आलं असतं तं पिकली भेदरं फुटली असती. मले वाटलं, तार काढली असन."

नवरा समोर येऊन उभा राहिला. आत्या उठल्या आणि हाताने खुंट्या उपटायला लागल्या.

"डुकरं येतीन ना, माय."

"येऊ दे."

तार गुंडाळून झाल्यावर आम्ही तिघांनी पिकली-अर्धपिकली सगळी भेदरं तोडली. पाऊस आला नाही, पण ऊनही पडलं नाही. बाजेवर पसरलेल्या फोडींना बुरशी धरू लागली, तशा त्या चुलीच्या धगीवर हलवल्या. बऱ्याच फेकाव्या लागल्या. वाडीत उरलेली डुकरांनी खाल्ली.

आता आम्ही रंग धरला की लगेच तोडतो आणि घरात तनसावर, भाताच्या वाळल्या पेंढ्यावर, पिकवतो. चव थोडी कमी येते. आत्या कुरकुर करतात, पण खातात.