दादाची तंबाखूची डबी

माझा थोरला भाऊ एका प्रयोगशाळेच्या काचघरात माळी होता. मी नाटकाच्या दौऱ्यांवर तोंड रंगवत हिंडलो. आई-वडिलांचं सगळं त्यानं केलं. वर मलाच विचारायचा, "काय महाराज, जेवलात का?"

तिथल्या संशोधक बाई पानांच्या विषाणूवर काम करत. हा पाहुणा पेशीतल्या नाजूक पडद्यांना मुरड घालतो, त्यावरच बिऱ्हाड थाटतो आणि पिलावळ वाढवतो, हे त्यांना दाखवायचं होतं. तुलनेसाठी निरोगी रोपं वेगळी ठेवलेली. पण त्यांच्याही पानांवर डाग उमटू लागले. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

"माती नवी, कीड नाही. मग हा शिरतो कुठून?" दादानं विचारलं.

"स्वतःहून नाही शिरत, काका. पेशीला जरासं खरचटावं लागतं. पान चोळलं तरी पुरे."

रोज पानं पुसणारा माणूस एकच होता. दादा आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिला. सिगारेट तो स्वतः वळायचा. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि बोलला तर नोकरीवर पाणी. त्यानं खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, तंबाखू म्हणजेही पानंच की. तीच आजारी असतील तर? चोर माझ्याच खिशात असेल."

बाईंनी त्या तंबाखूचं पाणी एका स्वच्छ रोपावर चोळून पाहिलं. काही दिवसांत डाग! दादा राजीनामा लिहूनच गेला. बाईंनी तो न वाचता परत दिला. "काका, नवी रोपं लावा. आणि हात साबणानं धुवा."

त्या दिवसापासून दादानं सिगारेट सोडली. पुढे बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले. निरोगी पानातले पडदे सपाट, आजारी पानातले चुरगळून गोळा झालेले. "हा फरक दिसतोय तो तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. घरी येऊन हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

डबी मीच त्याला दिली होती, माझ्या पहिल्या नाटकाच्या वेळी. ती त्यानं घासूनपुसून मला परत केली. शेवटच्या प्रयोगापर्यंत माझं कुंकू आणि काजळ तिच्यातच राहिलं.

सिगारेट सुटली, म्हणूनच दादानं आता ऐंशी ओलांडली. त्या बाईंचे आणि त्या डागांचे उपकार मी विसरत नाही. मात्र त्याच्या खिडकीतल्या कुंडीला मी हात लावायला गेलो की तो अजून खेकसतो, "महाराज, आधी हात धुवा!"