अर्जीची शेवटची ओळ

सहा वर्षं झाली, तरी ती अर्जी आठवली की माझे कान तापतात. अर्जी मी लिहिली होती. तिची शेवटची ओळ दुसऱ्याने बदलली आणि त्यापायी आमच्या गावच्या बायकांच्या अंगावर दोन दिवसांचं दळण वाढलं. हे मी कोणाशी बोलले नाही. म्हणून या वहीत लिहिते आहे.

तहसीलदारांचा दौरा चौसाळ्याकडून आमच्या गावी आला की चावडीमागच्या पटांगणात राहुट्या पडत. उर्दू बोलणारे तहसीलदार, त्यांना कागद वाचून दाखवणारे पेशकार, शिपाई, स्वयंपाकी, शिवाय सात-आठ घोडी. एवढ्यांच्या रोट्यांचं पीठ आणि घोड्यांचा हरभऱ्याचा भरडा गावातल्या बायकांनी दळून द्यायचा. फुकट. पाटील घरं नेमून देत. चावडीला लागून एक पडवी होती, तिथे चार जाती मांडून ठेवलेली असत. पाळी असेल तिने तिथेच येऊन दळायचं, धान्य घरी न्यायचं नाही. घरी नेलं तर बायका पसाभर पीठ मागे ठेवतील, असा पाटलांना संशय. ज्यांचं खातात त्यांच्यावरच संशय!

आमच्या घराला पाळी नव्हती. माझे सासरे पाटलांच्या बैठकीतले. हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्यापासून मी फार लांब नव्हते.

आमच्या भिंतीला भिंत लागून मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं. घरधनी कळप घेऊन गेवराईकडे नदीच्या काठाला गेलेला. घरी त्याची आई आणि सतरा-अठरा वर्षांची बायको. मी त्या आईला आत्या म्हणे. सून मला वहिनी म्हणे. तिच्या माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, पाळणा आमच्याकडून नेला, घुगऱ्या शिजत होत्या, आणि चावडीचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"चला, दळणाला. पाळी हाय तुमची."

"आरं, डोळे फुटले का? बाळंतीण हाय," आत्या म्हणाल्या. "आज बारावा दिस. सव्वा महिना जात्याला हात लावत न्हाईत. तुझ्या आयनं लावला व्हता का?"

"मला काहून सांगता? पाटलाला सांगा."

आत्यांचं उजवं मनगट मोडून वाकडं बसलेलं. त्या हाताने खुंटा धरता येत नव्हता, नाहीतर त्या स्वतःच गेल्या असत्या. त्या पाटलांकडे गेल्या. पाटील म्हणाले, "बाळंतीण म्हणून काय झालं? बसूनच तर दळायचं हाय. नांगर थोडाच धराय लावलाय!" बैठकीतले सगळे हसले. माझे सासरेही हसले असणार.

सून पोटाला पटका बांधून पडवीत जाऊन बसली. बारशाच्या घुगऱ्या तशाच राहिल्या. मुलीला घेऊन आत्या भिंतीपाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "तू लिव्हती म्हणं. लिव्ह की मग. साळंत कशाला गेलतीस?"

शाळा मी मामांकडे शिकले, नगरच्या बाजूला इंग्रजी हद्दीत. चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांनी एकदा निबंध घातला होता, मुलींनी शाळेत का यावे. मी पानभर लिहिलं आणि शेवटी लिहिलं, मी लहान आहे, चुकले असल्यास क्षमा असावी. मास्तरांनी वरचं सगळं तसंच ठेवून फक्त ती ओळ खोडली. म्हणाले, "पटवून द्यायला निघालीस आणि दारातून पाया पडत परत आलीस? वाचणारा कागद खाली ठेवतो तेव्हा शेवटचंच त्याच्या मनात राहतं. तिथे वर सांगितलेल्याचं सार सांग आणि तुला काय हवं ते सांग. नवी गोष्ट काढू नकोस, मान खाली घालू नकोस." मी रडले होते. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच.

त्या दुपारी ते कामाला येईल असं वाटलं. अर्जीत मी आधी हकीकत लिहिली, मग कारणं. बाळंतिणीचं अंग कच्चं असतं. तिच्या दुधावर एक जीव आहे. घरात दुसरं दळणारं माणूस नाही. सव्वा महिन्याची रीत हिंदूंच्या घरी आहे तशीच मुसलमानांच्या घरीही चाळीस दिवसांच्या चिल्ल्याची आहे, तेव्हा हुजुरांच्या घरच्यांनाही ती ठाऊक असेल. हे शेवटचं कारण सुचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आणि शेवट असा केला: "जिला तिच्या घरात कोणी खुंट्याला हात लावू देणार नाही, तिला सरकारच्या पडवीत दळायला बसवले आहे. तिला आज घरी पाठवावे." तीनदा वाचला. खाली एक अक्षरही वाढवायला जागा नव्हती.

बायकांनी चावडीवर कागद द्यायची पद्धत नव्हती. मी तो मालकांजवळ दिला. त्यांचा स्वभाव गरीब, ते नाही म्हणाले नाहीत. तासाभराने परत आले.

"दिली का?"

"दिली. चावडीवर अर्ज्या लिव्हून देतो त्या अर्जीनवीसाकडून नक्कल करून घेतली. त्याच्या हातच्या कागदाबिगर पेशकार घेत न्हाईत."

"जशीच्या तशी केली ना नक्कल?"

"वरचं तसंच हाय. शेवट लई कडक व्हता म्हणाला तो. सायबाला हुकूम सोडती का तुझी बायको, म्हणाला. तेवढा त्यानं रिवाजाप्रमानं करून दिला."

"रिवाजाप्रमाणे म्हणजे काय लिहिलं?"

"अगं, दुवा. सगळेच लिहितात. अर्जीला शेवट असाच असतो."

मनाशी म्हटलं, मधलं तर आहे. मधलं वाचतील.

उन्हं कलल्यावर चावडीवर अर्ज्या वाचायला घेतल्या. मी आणि आत्या पडवीच्या आडोशाला जात्यांजवळ उभ्या राहिलो. तिथून ऐकू येई. पेशकारांपुढे चळत होती. ते एक कागद उचलत, वरचा मायना वाचत, कोणाची अर्जी ते सांगत आणि एकदम शेवटच्या ओळीवर उडी मारत. मधलं कोणाचंच वाचलं नाही. रोजचाच त्यांचा शिरस्ता असावा, कारण तहसीलदारांनी एकदाही विचारलं नाही.

आमचा कागद आला. पेशकारांनी मेंढक्यांच्या घरची अर्जी म्हणून सांगितलं आणि शेवट वाचला: "हुजुरांच्या मुक्कामाने हा गाव पावन झाला असून हुजुरांचे पाय या गावी अधिकाधिक दिवस राहोत, अशी ही गरीब रयत दुवा मागते."

मग त्यांनी ते साहेबांना उर्दूत सांगितलं. साहेब खुशीने हसले. "अच्छा! गाँववाले इतने ख़ुश हैं? तो दो दिन और सही."

पाटलांनी वाकून मुजरा केला. कागद खाली गेला, वर दुसरा आला.

जात्यांची घरघर थांबली होती. सुनेने पिठाच्या हातानेच माझ्या लुगड्याचा काठ धरला. "काय म्हणला, वहिनी? जाऊ म्हणला?"

आत्यांना दखनी उर्दू कळत होती. "आणखी दोन दिस ऱ्हातो म्हणतोय मुडदा," त्या म्हणाल्या. "हिच्या अर्जीवरून."

चारही बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकजण म्हणाली, "लिहिणारीच्या घरला पाळी न्हाई, बरं का!" त्या नजरा मला आजही सोसत नाहीत. आणि ती खोटं बोलली नव्हती.

मी संतापून घरी आले. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. अर्जीनवीसाचा राग आला, कारण त्याने कारणं सगळी ठेवली आणि मागणं तेवढं काढलं. हात, पाय, पोट ठेवून तोंड कापून टाकलं. वर त्याला वाटलं आपण भलं केलं. पेशकारांचा आला. गाव आपल्यावर खूश आहे हे ज्यांना इतक्या पटकन खरं वाटतं, त्या साहेबांचा आला. शेजारच्या पडवीत चार जाती घरघरत असताना! पण सगळ्यांत जास्त राग आला मालकांच्या त्या एका वाक्याचा. अर्जीला शेवट असाच असतो. का असतो? वर रडगाणं आणि खाली पाया पडणं, अशी अर्जी लिहायची कशाला? कोणी ठरवलं की मागायला गेलेल्याने शेवटी न मागताच परत यायचं?

मी त्यांना विचारलं, "तुम्ही वाचून नाही पाहिलं?"

"पाहिलं की. चांगलं वाटलं वाचाया."

चांगलं वाटलं! त्या संध्याकाळी मी त्यांचं ताट वाढून आत निघून गेले.

सकाळी सून पुन्हा पडवीत गेली. मुलगी रडून रडून निळी पडायची, तेव्हा आत्या तिला नेऊन पाजून आणत. मी वहीतलं एक पान फाडलं. या वेळी मायना लिहिला नाही, हकीकत नाही, कारणं नाहीत. चिल्ल्याचं ते कारण, जे मला इतकं आवडलं होतं, तेही सोडलं. पेशकार शेवटच वाचतात ना, मग सगळा कागद शेवटच असू दे, असं मनात म्हटलं. लिहिलं: "तेरा दिवसांची बाळंतीण चावडीच्या पडवीत या घटकेला सरकारचे पीठ दळते आहे, तिला घरी सोडावे." बस.

"मालकांजवळ देती का परत?" आत्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू येती का?"

मी खाली पाहिलं. आत्यांनी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, कागद त्या वाकड्या हातात धरला आणि निघाल्या. मी मुलीला घेऊन पडवीच्या आडोशापर्यंत गेले. त्यापुढे माझे पाय गेले नाहीत.

साहेब घोड्यावर बसायच्या बेतात होते. आत्या थेट पुढे जाऊन उभ्या राहिल्या. शिपाई ओरडला, "ए म्हातारे, मागं हो!" त्या हलल्या नाहीत. साहेबांनी हात केला. पेशकारांनी कागद घेतला, वाचला, उलटा करून पाहिला, पाठीमागे काही आहे का म्हणून. काही नव्हतं. मधलं गाळायलाही काही नव्हतं. त्यांना ते एकच वाक्य उर्दूत सांगावं लागलं.

"बस? इतना ही?" साहेबांनी विचारलं.

"इतकंच, सरकार," आत्या म्हणाल्या. "बाकीचं काल तुमच्या रोट्यांसंगं पोटात गेलं."

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. अर्जीनवीस कुरकुरला की ही अर्जीच नव्हे, हिला ना मायना ना दुवा. साहेब मात्र पडवीकडे बघत राहिले. मग पाटलांना हळू काहीतरी म्हणाले आणि घोड्यावर बसले. शिपाई धावत आला. "ऊठ गं, बाळंतिणी. घरला जा."

ती उठली. तिचा खुंटा रिकामा झाला. दुपारच्या आत शिपायाने तिच्या जागी दुसरी आणून बसवली, वरच्या गल्लीतली, जिला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. ती हाताने चाचपून घास टाकत होती.

त्या वेळी मला माझी चूक कळली आणि राग फिरून माझ्यावरच आला. मी एकीला सोडा म्हटलं, त्यांनी एकीला सोडलं. शेवटात मी जेवढं मागितलं तेवढंच मिळालं. बाकीच्या तिघी त्याच पडवीत, माझ्या डोळ्यांसमोर दळत होत्या आणि माझ्या ओळीत त्या नव्हत्या. अर्जीनवीसाने एक मागणं कापलं, मी तीन कापली. पुढच्या दौऱ्यात सव्वा महिना उलटलेला होता, तर सूनही परत त्याच जात्यावर बसली.

तेव्हापासून दर वर्षी दौरा येतो, दळण होतं. मी घराच्या खिडकीतून ऐकते. यंदा सुगीनंतर राहुट्या पडणार, असं चावडीवर बोलतात.

कागद लिहून तयार आहे. या वहीतच ठेवला आहे. त्यात मायना नाही, दुवा नाही: "या गावच्या कोणत्याही बाईला सरकारी दळणासाठी पडवीत बसवू नये, जाती तेथून उचलावीत." परवा आत्यांना वाचून दाखवला. "हा बरा हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण माझ्यानं आता उंबरा वलांडवत न्हाई, पोरी."

मालकांजवळ मी तो देणार नाही.