दुसऱ्या खेपेची नळी

“पयल्या खेपेला नळी अंधारीच ऱ्हायली. दुसऱ्या खेपेला दादानं तिच्यात कायतरी कालवलं, म्हणून चमकली.”

माझा धाकटा भाऊ पालमच्या बसस्टँडवर चहा पिता पिता ही हकिकत सांगत असतो. ऐकणारे माना डोलावतात. मी डोलावणार नाही.

त्याच्या दारातल्या हापशाविषयी मला फार दिवसांपासून शंका होती. माझ्या नातीच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले होते, आणि अंगणवाडीची खिचडी त्याच पाण्यात शिजत होती. भावाच्या मते ते पट्टे चॉकलेटचे. हापसा त्याने खटपटी करून बसवून घेतलेला; त्यामुळे पाण्याला नावे ठेवणे म्हणजे त्याला नावे ठेवणे, असा त्याचा समज.

परभणीहून रसायनशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी हापशाचे पाणी तपासायला आली. तिच्या नळीतल्या द्रावणात पाणी घालायचे आणि अंधारात त्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर नळी निळी उजळते. भर दुपारी अंधार हवा म्हणून तिने घोंगडी मागून घेतली. नळी काळीच राहिली. भाऊ हसला. ते हसू आधीच तयार करून ठेवल्यासारखे मला वाटले.

पाणी कोणी आणून दिले, असे मी विचारले. धाकट्या भावजयीने, असे कळले. कुठून आणले, हेही मी तिला विचारले.

“माठातलं, दादा. पाव्हणीला गढूळ कसं द्यावं? तुरटी फिरवून निवळलेलं दिलं की.”

मुलीने कपाळाला हात लावला. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते, मग द्रावणाच्या हाती काही लागत नाही, असे तिने समजावले. उन्हाळ्यात पाहुण्याला न निवळलेले पाणी द्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत. भावजयीला मी दोष देत नाही. पण माठातून पाणी काढले जात असताना भाऊ शेजारीच बसलेला होता आणि गप्प होता, एवढे मी इथे नमूद करून ठेवतो.

पुन्हा तपासणी ठरली, आणि माझ्यावर कालवाकालवीचा आरोप आहे तो या दुसऱ्या खेपेविषयी. त्या वेळी मी ओट्यावरून उठलोही नव्हतो. हापशाचा दांडा त्याने मारला, पाणी त्याने धरले, आणि नळी निळी उजळली तेव्हा ती त्याच्याच मुठीत होती.