मोठ्याने वाचणारी दुसरी

नव्या मुख्याध्यापिकांना दुसरीच्या बाई आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच सकाळी व्हरांड्याच्या टोकाकडून बाईंसकट तीस मुलांचा खणखणीत आवाज आला. प्रत्येकाचं बोट ओळीवर, तोंड उघडं.

"बाई, तुमचे धडे माझ्या चौथीला पाठ झालेत," शेजारच्या वर्गातले गुरुजी चिडवत.

"होऊ देत की! आवाज निघाला की कळतं, कोण कुठं अडलंय ते."

वाचता न येणारं एकही मूल त्यांच्या हाताखालून तिसरीत गेलं नव्हतं.

मग एका वर्षी वरून परीक्षा आली. निम्मी तरी मुलं पास झाली नाहीत, तर दुसरीचा वर्ग बंद करून मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत पाठवणार होते. परीक्षकाने बाईंना बाहेर थांबवलं आणि मुलांना सांगितलं, "मनातल्या मनात वाचायचं. आवाज नको."

बाई आणि मुख्याध्यापिका खिडकीतून बघत होत्या. बोटं पहिल्याच ओळीवर थबकली होती. एका मुलीचे ओठ हलले, तर तिलाही दटावलं गेलं.

"अहो, येतंय हो त्यांना सगळं," बाई कळवळून म्हणाल्या. "मनात वाचायला मीच शिकवलं नाही."

मुख्याध्यापिका दारापर्यंत गेल्या आणि "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा" एवढं ऐकून परत आल्या.

नऊ मुलं पास झाली. वर्ग बंद झाला.

बाई आता शेजारच्या गावच्या शाळेत कार्यालयात बसून दाखले लिहितात. वर्ग त्यांना दिलेला नाही.