किरिस्तांवाचो कौल

पुस्तक किरिस्तांवांचं होतं, आणि ते घरात आलंय हे बाबांना कळलं असतं तर माझी पाठ सोलून निघाली असती.

सावंतवाडीला मावशीकडे राहायला गेले होते, तिथे तिच्या शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाईंनी ते वाचायला दिलं. पहिल्या महायुद्धातली गोष्ट. फ्रान्समधली एक नर्स, तिचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो आघाडीवरचा शिपाई, आणि दोघं ठरल्या वेळी आपापल्या ठिकाणी एकच प्रार्थना म्हणतात. भाषा तर काय विचारता, "हे परमदयाळू बापा, तुझ्या दासीवर कृपा कर." आधी मला हसू आलं. मग एका बैठकीत शंभर पानं झाली, आणि विजयदुर्गाकडच्या आमच्या गावी परतताना मी ते कपड्यांच्या बोचक्यात दडवून आणलं.

बासष्ट सालची भातकापणी चालली होती. चीनशी लढाई पेटलेली, आणि माझा दादा पलटणीत, वर कुठेतरी बर्फात. त्याचं पत्र येऊन महिना उलटून गेला होता. घरात आम्ही तिघं: बाबा, दादाची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि पंधरा वर्षांची मी. वहिनीला अक्षरओळख नव्हती, दादाची पत्रं तिला मीच वाचून दाखवायची. आता पत्रंच येईनात, तेव्हा मी गुरांच्या मांगरात गवताच्या भाऱ्यांआड बसून तिला पुस्तक वाचून दाखवू लागले.

शिपायाचं नाव काही तिच्या जिभेवर बसेना. ती त्याला किरिस्तांवच म्हणायची. भात झोडता झोडता विचारायची, "आज किरिस्तांव खंय पोचलो गो?" जसा काही तो आमच्या भावकीतला! मी चिडवायची, "वयनी, दादाक सांगीन हां!" त्यावर हसायची बिचारी. त्या दिवसांत ती तेवढीच हसायची.

मग एका प्रकरणाच्या शेवटी तोफगोळा पडला आणि किरिस्तांव चिखलात उताणा पडला. नेमकी तेव्हाच बाबांची हाक आली नि मी पुस्तक मिटलं. कापणीच्या धांदलीत पुढचे दोन दिवस मांगरात बसायला सवड मिळेना, आणि वहिनीला घास गिळवेना. मला कुठला धीर! मी चोरून शेवट वाचून टाकला. किरिस्तांव वाचतो, कुबडी घेऊन परत येतो, चर्चमध्ये दोघांचं लग्न लागतं. माझा जीव भांड्यात पडला. उद्या वाचून दाखवू म्हणजे हिचाही पडेल, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी देवळात गेली. आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मला मांगरात ओढत नेऊन म्हणाली, "कौल लावलंय."

"दादाचो?"

"ह्येंचो लावूक धीर झालो नाय गो. किरिस्तांवाचो लावलंय. लढायेत गेल्लो माणूस परत येतलो काय, इतक्याच इचारलंय." "देवान डावो दिलो."

मला खरं तर हसायला हवं होतं. पुस्तकातल्या माणसाचा कुणी कौल लावतं का, खुळे? "वयनी, तो जगता!" हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण तीच पुढे म्हणाली, "वाच. देव खोटा बोलणा नाय. किरिस्तांव मरतलोच. आणि जगलो, तर मगे तो डावो कोणाचो?"

इतकी मी आयुष्यात कधी भ्यायले नाही. पुस्तक उघडलं. कुबडीचं पान समोर होतं, आणि मी त्या पानावर बोट फिरवत किरिस्तांवाला मारला. "हे परमदयाळू बापा" म्हणत तो नर्सच्या मांडीवर गेला, असं वाचलं. वहिनी ढसाढसा रडली, आणि मग उठून वाडगाभर पेज प्यायली. मी शेवटची पानं फाडून न्हाणीच्या चुलीत घातली.

लढाई थांबली. दादाचं पत्र आलं नाही. शिमग्याच्या आधी सरकारी कागद आला: बेपत्ता, जिवंत असण्याची आशा नाही. बाबा तो कागद हातात धरून ओटीवर मटकन बसले. शेजारच्या बायका जमल्या. त्यांतली एक म्हातारी बांगड्या फोडायला पुढे झाली, तशी वहिनीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हे जिते आसत," ती म्हणाली. "डावो दुसऱ्याचो होतो. तो मेलो. हिका इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना कौलातलं आणि पुस्तकातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ओल्या डोळ्यांनी विचारलं, "खरा काय गो?"

खरं सांगायची ती वेळ होती. मला ते कळत होतं. बाबांच्या माराची भीती केव्हाच उरली नव्हती. मी वहिनीच्या हातांकडे बघून भ्यायले होते.

"होय," मी म्हटलं. "तो मेलो."

बायका परत गेल्या. वहिनी रोज कुंकू लावत राहिली. तिच्या माहेरचे दोनदा न्यायला आले. ती गेली नाही. म्हणाली, हे परत इले तर तेंका घरात कोण गावतला?

पाच वर्षांनी माझं लग्न झालं. निघताना मी तिच्या पाया पडले. तिने मला उठवलं, छातीशी धरलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं कानात विचारलं, "किरिस्तांव नक्की मेलो मां गो?"

मी म्हटलं, "मेलो, वयनी."